'फक्त भारतात नाही' : एका अभिमानाच्या वाक्याची तपासणी

ज्यू लोकांबद्दल मराठीत काहीही लिहायला घेतले की एक वाक्य आपोआप कागदावर येते : 'जगभर ज्यूंचा छळ झाला, फक्त भारतात नाही.' समारंभांत पाहुणे ते म्हणतात, वर्तमानपत्रांचे अग्रलेख म्हणतात, आणि इस्राएलला जाऊन स्थायिक झालेले मराठी ज्यूही ते कृतज्ञतेने म्हणतात. वाक्य बव्हंशी खरे आहे. पण हा 'बव्हंशी' त्यात कुणी घालत नाही, आणि त्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली, मराठी-कोकणी मुलखातच ज्यू रक्ताच्या माणसांना जाळल्याची नोंद आहे. दुसरी, छळ न करणे वेगळे आणि छळ होत असताना दार उघडणे वेगळे. हा दुसरा प्रश्न १९३८ साली आपल्या दारात आला होता, आणि तेव्हा आपल्यातले थोर लोक काय म्हणाले हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात जवळून करू. ठाण्याच्या वर्तकनगरात राहणाऱ्याला पोखरण रोडवरचे 'रेमंड' हे नाव इतके अंगवळणी पडलेले असते की ते मुळात कुणाचे, असा प्रश्न पडत नाही. ही लोकरीची गिरणी १९२५ साली वाडियांनी काढली. पुढे ती ई. डी. ससून कंपनीकडे गेली, आणि अब्राहम जेकब रेमंड व आल्बर्ट रेमंड या कंपनीच्या संचालकांवरून तिला नवे नाव मिळाले. १९४४ मध्ये ती सिंघानियांनी घेतली. आता तिथे टॉवर उभे राहिले, पण नाव टिकले. हे ससून बगदादचे ज्यू. दाऊद पाशाच्या जुलमी कारभाराला कंटाळून डेव्हिड ससून बगदाद सोडून निघाला आणि बुशहरमार्गे १८३२ च्या सुमारास मुंबईत आला. मुंबईचा ससून डॉक, पुण्याचे ससून रुग्णालय, भायखळ्याचा मागेन डेव्हिड सिनेगॉग हा त्या एका पलायनाचा पसारा. वर्तकनगरच्या गिरणीचा भोंगाही त्यातलाच म्हणायला हरकत नाही.

ठाण्याचे खरे ज्यू मात्र हे नव्हेत. ते बेने इस्राएल, कोकणातले. त्यांचे 'शार हाशामाईम' म्हणजे 'स्वर्गाचे द्वार' हे सभास्थान सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात १८७९ साली उभे राहिले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात स्त्री-पुरुषांच्या जोड्यांपासून आपली उत्पत्ती झाली, असे ते परंपरेने सांगतात. गावावरून आडनावे पडली : दिवेकर, केहीमकर, अष्टमकर, राजपूरकर. तेलाचा घाणा हा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. शनिवार पाळणे, सुंता आणि 'शेमा' ही एक प्रार्थना, एवढेच त्यांच्याजवळ शतकानुशतके शिल्लक होते. ग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते.

त्यांचा छळ का झाला नाही? 'आपण सहिष्णू म्हणून' हे उत्तर सोपे आहे. त्यात तथ्य आहे, पण पुरेसे नाही. युरोपात ज्यू हा ख्रिस्ताचा खुनी होता, सावकार होता, राजाच्या मर्जीचा परका होता. कोकणात तो एक तेली होता, ज्याचा सुट्टीचा वार वेगळा. जातिव्यवस्थेत त्याला एक खण मिळाला आणि त्या खणात त्याला कुणी त्रास दिला नाही. बदल्यात त्यानेही व्यवस्थेचे नियम घेतले. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता, आणि दोन्हींत सोयरीक होत नसे. ज्या व्यवस्थेने इतरांना पायाखाली ठेवले तिनेच या लोकांना आडोसा दिला, हे मान्य करायला मला तरी जड जाते. पण पुरावा तसा आहे. याच समाजाने पुढे १८८० च्या सुमारास मराठीत कीर्तने रचली. अब्राहामाचे आख्यान झांजेच्या साथीने सांगितले. छळ सोसणारा समाज अशी भाषा उसनी घेत नाही. ती त्याची स्वतःची झालेली असते.

मुंबईत बेने इस्राएल येऊ लागले ते १७४६ नंतर, दिवेकर कुटुंबापासून. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हा इंग्रजी फौजेतला अंमलदार म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. कुराणात उल्लेखलेले 'बनी इस्राएल' ते हेच, असे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि तो वाचला, अशी कथा आहे. परत येऊन त्याने १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात पहिले सभास्थान बांधले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरून पडले असे मानले जाते.

आता एक तारीख लक्षात घ्या. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांकडे आले १७३७ मध्ये, वसई १७३९ मध्ये. त्याआधी सुमारे दोनशे वर्षे साष्टी बेटावर, म्हणजे ठाण्यावर, पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या दोनशे वर्षांत ठाण्यात उघड सिनेगॉग बांधणे कल्पनेतही शक्य नव्हते. कारण धर्मन्यायालयाचा हात गोव्यापासून वसई-दमणपर्यंत पोचत होता.

*

गार्सिया द ओर्ता हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञांना आणि मुंबईच्या इतिहासाचे वेड असणाऱ्यांना ठाऊक असते. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकलले, तेव्हा त्याचे आईवडील पोर्तुगालला आले. १४९७ मध्ये तिथेही सगळ्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. अशा बाटवलेल्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत, आणि ते घरात गुपचूप जुना धर्म पाळतात असा संशय त्यांच्या नातवंडांपर्यंत पुरे. गार्सिया डॉक्टर झाला, आणि पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय येणार अशी चिन्हे दिसत असताना १५३४ साली मार्तिम अफोन्सो द सूझाच्या ताफ्याबरोबर गोव्याला निघून आला. दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालला ते न्यायालय आलेच.

इथे त्याची भरभराट झाली. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा रोगी आणि मित्र. शहाच्या दरबारातल्या हकिमांशी त्याच्या औषधांवरून चर्चा चालत. मुंबई बेट १५५४ च्या सुमारास त्याला भाडेपट्ट्याने मिळाले. वर्षातून दोनदा फळणाऱ्या आपल्या आंब्याच्या झाडाचे त्याला कौतुक होते. १५६३ साली त्याचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. कोरफड, हिंग, दालचिनी, आंबा, पटकीची साथ अशा विषयांवरचे हे संवाद आहेत. ओर्ता आणि रुआनो नावाचा एक कल्पित पाहुणा बोलत बसतात. मधूनच दासी येते, रोगी येतो, जेवण वाढले जाते. युरोपातल्या जुन्या ग्रंथकारांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर आणि इथल्या वैद्यांच्या बोलण्यावर भरवसा ठेवणारे हे पुस्तक. चारच वर्षांत क्लुसियसने त्याचा लॅटिन सारांश केला आणि ते युरोपभर गेले.

या मोकळ्याढाकळ्या पुस्तकात एका विषयाबद्दल चकार शब्द नाही : लेखक कोण आहे. त्याला कारण होते. १५४३ साली, म्हणजे गोव्यात धर्मन्यायालय रीतसर यायच्या सतरा वर्षे आधी, जेरोनिमो दिआश नावाच्या एका डॉक्टरला ज्यू धर्म पाळल्याबद्दल मृत्युदंड झाला. शेवटी त्याने पश्चात्ताप दाखवला, म्हणून आधी गळा दाबून मारले आणि मग जाळले. ही सवलत समजली जाई. दिआशही 'नवा ख्रिस्ती', आणि त्याच व्यवसायातला. छोट्या गोव्यात दोघांची ओळख नसेल असे मानणे कठीण आहे. १५४६ मध्ये फ्रान्सिस झेवियरने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी धर्मन्यायालय मागितले. १५६० मध्ये ते आले आणि आदिलशहाच्या जुन्या वाड्यात बसले. लोक त्याला नुसते 'मोठे घर' म्हणत.

ओर्ता १५६८ मध्ये वारला, सन्मानाने. पुढच्याच वर्षी त्याची बहीण काटारिना पकडली गेली. नवऱ्याने चौकशीत कबुली दिली, मेहुणाही मोशेचाच कायदा खरा मानत होता असे सांगितले. २५ ऑक्टोबर १५६९ ला काटारिनाला गोव्यात जिवंत जाळले. नंतर मेलेल्याची चौकशी सुरू झाली, ती अकरा वर्षे टिकली. डिसेंबर १५८० मध्ये गार्सियाची हाडे उकरून, त्यांची मिरवणूक काढून, ती जाळण्यात आली. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. काटारिनाच्या नावाचे काही नाही.

इथे कुणी म्हणेल, हे पोर्तुगीजांनी पोर्तुगीजांना केले. यात भारत कुठे आला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. अर्धा चूक आहे, कारण ज्यूंसाठी आणलेले हे यंत्र ज्यू संपल्यावर बंद पडले नाही. 'नवे ख्रिस्ती' हा वर्ग एकदा संशयित ठरवला की त्यात कुणालाही घालता येते. पोर्तुगालहून आलेली कुटुंबे संपली तेव्हा गोव्यातले बाटवलेले हिंदू त्या जागी आले. तुळस लावली, लग्नात कोकणी गाणी म्हटली, मिठाशिवाय भात शिजवला, असे आरोप आले. १७३६ च्या हुकुमाने अशा चालीरीतींची लांबलचक यादीच जाहीर केली. पहिल्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांतल्या खटल्यांचा आकडा सोळा हजारांच्या वर जातो. १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर हे न्यायालय १८१२ पर्यंत चालले. मूळ दप्तर जाळून टाकले गेले. अ. का. प्रियोळकरांनी विखुरलेल्या साधनांतून त्याचा इतिहास १९६१ मध्ये इंग्रजीत मांडला. मराठी वाचकाने तो अभिमानाच्या वाक्याशेजारी ठेवून वाचायला हवा.

(ठाण्याचेही एक जुने देणे आहे. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधूंना काजीसमोर धर्मविवाद झाल्यावर ठार मारण्यात आले. युरोपात ते 'ठाण्याचे हुतात्मे' म्हणून प्रसिद्ध आहेत. ठाण्यात त्यांचे नाव घेणारा क्वचितच भेटतो.)

*

आता एकदम विसाव्या शतकात येऊ, कारण वाक्याचा दुसरा भाग तिथे कसाला लागतो.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतले ज्यू बाहेर पडू लागले. त्यांतले थोडे मुंबईला आले. १९३४ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. कारभार प्रामुख्याने बगदादी आणि युरोपीय ज्यूंच्या हातात होता. ठाण्या-पनवेलचे मराठी बोलणारे बेने इस्राएल आणि बर्लिन-व्हिएन्नाहून आलेले डॉक्टर यांच्यात धर्मापलीकडे समान असे काही नव्हते. हिंदुस्थानात यायचे तर नोकरी हातात हवी किंवा कुणीतरी हमी द्यायला हवी, की हा माणूस सरकारच्या अंगावर पडणार नाही. असोसिएशन ती हमी देई. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. जुलैत एव्हियां येथे ३२ देश परिषदेला जमले आणि सहानुभूती व्यक्त करून परत गेले. नोव्हेंबरच्या ९ आणि १० तारखांना जर्मनीभर सिनेगॉग जाळले गेले, सुमारे तीस हजार ज्यू पुरुष छळछावण्यांत गेले. त्याच वर्षी जर्मनीत कायदा झाला, की ज्यू पुरुषाने आपल्या नावाला 'इस्राएल' हे नाव जोडलेच पाहिजे. ज्या शब्दाने कोकणातला तेली स्वतःची ओळख अभिमानाने सांगत होता, तोच शब्द तिथे डाग म्हणून माथी मारला जात होता.

या घटकेला हिंदुस्थानात काय बोलले जात होते?

जवाहरलाल नेहरू १९३८ चा उन्हाळा युरोपात होते. ज्यू तज्ज्ञांना इथे आणावे, त्यात त्यांचे भले आणि आपलेही, असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी त्यांनी खटपट केली. काँग्रेसमध्ये सगळ्यांना ते पटले नाही. एप्रिल १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोसांना लिहिलेल्या पत्रात, ज्यूंविषयीच्या ठरावाला तुमची संमती नव्हती, अशी तक्रार नेहरूंनी नोंदवली आहे. मुंबईच्या डॉक्टरमंडळींतही कुरकुर होती. परदेशी डॉक्टर आले तर आपल्या पोटावर पाय येईल, ही भीती सगळीकडे सारखीच असते.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींनी २० नोव्हेंबर १९३८ रोजी 'ज्यू' या विषयावर लेख लिहिला; तो २६ तारखेच्या 'हरिजन'मध्ये आला. ज्यूंविषयी त्यांना मनापासून सहानुभूती होती. दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे जिवलग मित्र हर्मन कालेनबाख ज्यूच. पण जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, देश सोडू नये, मरण आले तरी आनंदाने पत्करावे, असा सल्ला त्यांनी दिला. जेरुसलेमहून मार्टिन बुबर या तत्त्वज्ञाने फेब्रुवारी १९३९ मध्ये उत्तर लिहिले. त्याचा मुद्दा असा, की सत्याग्रहाला साक्षीदार लागतो. जिथे मरण अंधारात, निनावी येते, तिथे ते हौतात्म्य कुणापर्यंत पोचणार? ते पत्र गांधीजींना मिळाले असे दिसत नाही. ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दुःखद चुकामूक, असे मला वाटते. गांधीजींचे चुकले ते हृदयाचे नव्हे, माहितीचे : इंग्रज सरकारशी लढताना वर्तमानपत्रे होती, न्यायालये होती, तुरुंगातून पत्रे येत. यांतले काहीच जर्मनीत उरले नव्हते.

दुसरीकडची भाषा वेगळी होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये मालेगावच्या भाषणात वि. दा. सावरकरांनी म्हटले, की राष्ट्र बहुसंख्यांचे बनते, आणि जर्मनीत अल्पसंख्य असलेल्या ज्यूंना घालवून देण्यात आले. हे त्यांनी इथल्या अल्पसंख्यांच्या संदर्भात म्हटले होते. १९३९ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध झालेल्या मा. स. गोळवलकरांच्या इंग्रजी पुस्तकात जर्मनीने ज्यूंपासून देश 'शुद्ध' केल्याचे उदाहरण हिंदुस्थानने शिकण्यासारखे म्हणून आले. पुढे १९४७ मध्ये सावरकरांनी ज्यू राष्ट्राच्या निर्मितीचे स्वागत केले, तर नेहरूंच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले. इतिहास असा वळणे घेतो आणि कुणालाही आपला संपूर्ण वकील होऊ देत नाही. पण १९३८-३९ चे शब्द १९४७ च्या शब्दांनी पुसले जात नाहीत. तेव्हा माणसे व्हिसाच्या रांगेत उभी होती.

या शब्दांमागे 'आर्य' या कल्पनेची एक गुदगुल्या करणारी भूल होती. तिचा उलगडा एका वेगळ्याच समाजाच्या नशिबाने होतो. नाझींनी ज्यूंबरोबर युरोपातल्या रोमा आणि सिंती या भटक्या लोकांचाही संहार केला; किमान दोन लाख माणसे मारली गेली, काही अभ्यासक पाच लाखांपर्यंत जातात. ऑशविट्झमधली त्यांची छावणी २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री संपवण्यात आली. उरलेली हजारो माणसे, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी, गॅसच्या कोठडीत गेली. या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान', केसांना 'बाल'. आकडे मोजताना ते 'येख, दुय, त्रिन' म्हणतात. भाषाशास्त्राच्या हिशेबाने युरोपातल्या कुणाहीपेक्षा ते अधिक 'आर्य' होते. ते त्यांच्या कामी आले नाही. पुस्तकांच्या प्रदर्शनात हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर आजही अ‍ॅन फ्रँकच्या डायरीशेजारी मांडलेले दिसते. घेणाऱ्याला त्या दोन पुस्तकांचा एकमेकांशी संबंध माहीत असतो का, हे दुकानदाराला विचारून उपयोग नसतो.

*

तरीही माणसे आली, हजार-दोन हजारांच्या घरात. त्यांतल्या एकाची कामगिरी प्रत्येक मराठी घराने ऐकली आहे. वॉल्टर कॉफमन, जन्म १९०७, कार्ल्सबादचा. प्राग विद्यापीठात ज्या प्राध्यापकाच्या हाताखाली प्रबंध लिहिला तो नाझींचा पुढारी निघाला, म्हणून त्याने डॉक्टरेट घेतली नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये तो मुंबईत आला, चेंबर म्युझिक सोसायटी काढली, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, आणि तंबोऱ्यावर व्हायोलिनचे सूर असलेली आकाशवाणीची पहाटेची धून त्याने बांधली. हे आता सर्वांना ठाऊक असते. कमी ठाऊक आहे ते हे : त्याची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफकाची भाची, एली या बहिणीची मुलगी. मुलगी समुद्रापलीकडे सुरक्षित होती. आईला ऑक्टोबर १९४१ मध्ये प्रागहून लॉड्झच्या घेटोत नेले, आणि तिथून ती परत आली नाही.

व्हिएन्नाची नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ मध्ये मुंबईत आली. इथल्या एका पारशी डॉक्टरशी, आर्देशीर बोमन-बेहराम यांच्याशी, तिने लग्न केले आणि नृत्याची शाळा काढली. व्हिएन्नात मागे राहिलेली आई, बहीण आणि इतर नातेवाईक मिळून तिच्या घरातली चौदा माणसे मारली गेली. प्रागचा समीक्षक-संपादक विली हास मोहन भवनानींच्या चित्रपटांच्या कथा लिहू लागला. त्याच वेळी मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये 'अछूत कन्या'चा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन काम करत होता, जो १९३६ पासून नाझी पक्षाचा सभासद होता. एकाच शहरात, एकाच धंद्यात, एक पळून आलेला आणि एक ज्याच्या पक्षापासून पळायचे तो. व्हिएन्नाहून आलेला इमॅन्युएल श्लेझिंगर औषधांचा कारखानदार झाला आणि आरा, हुसेन, रझा यांची चित्रे कुणी विकत घेत नव्हते तेव्हा घेऊ लागला. रूडी फॉन लायडन कलासमीक्षा लिहीत असे. ज्यू पत्नीसह व्हिएन्नाहून आलेला वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चा कला संचालक झाला. त्याच्या घरच्या रविवारच्या बैठकीत हे तरुण चित्रकार जमत. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये गाडे आणि बाकरे ही आपली मराठी नावे आहेत; त्या गटाला हात देणाऱ्यांतले हे तिघे हिटलरने हाकललेले होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि एका रात्रीत सगळे जर्मन आणि ऑस्ट्रियन 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' झाले. पासपोर्टवर लाल 'जे' शिक्का असलेले ज्यूही. पोलिस आले आणि मुंबईहून माणसे अहमदनगरच्या छावणीत रवाना झाली. पहिल्या महायुद्धातही जर्मन कैदी तिथेच ठेवले होते, त्यामुळे व्यवस्था तयार होती. तारेच्या आत नाझी पक्षाचे कडवे लोक आणि त्यांच्यापासून पळालेले ज्यू एकत्र. हिटलरच्या संघटनेत असलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर, जो पुढे तिबेटमुळे जगप्रसिद्ध झाला, तोही आधी नगर आणि मग देवळालीच्या छावणीत होता. असोसिएशनने सरकारकडे धाव घेतली. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी करून बऱ्याच ज्यूंना सोडले. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, इंग्रज बिथरले, आणि सोडलेल्यांतले अनेक परत आत गेले.

कुटुंबांसाठी वेगळी सोय झाली : सातारा आणि पुरंदर. शिवछत्रपतींनी १६६५ मध्ये ज्याच्या पायथ्याशी मिर्झाराजाशी तह केला, जिथे १६५७ मध्ये संभाजीराजांचा जन्म झाला, त्या किल्ल्यावर इंग्रजांनी आजारी गोऱ्या सैनिकांसाठी बांधलेल्या इमारतींत ज्यू कुटुंबे आणि जर्मन मिशनरी हजेरी देत दिवस काढू लागले. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे नाही. मृत्यूच्या छावण्यांच्या तुलनेत हा स्वर्ग होता, हे त्यांनाही कळत होते. पण नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने परदेशी गेलेल्या सर्व ज्यूंचे नागरिकत्व रद्द केले. म्हणजे पुरंदरच्या माचीवर असलेला माणूस जर्मनीच्या लेखी जर्मन नव्हता, आणि जर्मन आहे म्हणूनच तो इंग्रजांच्या कैदेत होता.

नगरचे नाव या हकिकतीत दोनदा येते, हा योगायोग मला सोडवत नाही. ओर्ता आपला धर्म लपवून निजामशहाच्या मांडीला मांडी लावून बसला ते इथेच; पावणेचारशे-चारशे वर्षांनी त्याच व्यवसायातले लोक धर्म न लपवता आले आणि तारेच्या आत बसले. ऑगस्ट १९४२ पासून नगरच्या किल्ल्यात आणखी एक कैदी होता. ज्यूंना इथे आणावे म्हणून खटपट करणारे नेहरू तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते.

युद्ध संपल्यावर हे लोक फार थांबले नाहीत. कॉफमन १९४६ मध्ये गेला, हास त्यानंतर, होल्गर १९४८ मध्ये. बेने इस्राएलही १९४८ नंतर निघाले, कुणी हाकलले म्हणून नव्हे. गंमत अशी की इस्राएलमध्येच काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली. लग्नासाठी पूर्वजांचा तपास मागितला. त्याविरुद्ध त्यांनी निदर्शने केली आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे सरकारने जाहीर केले. मागे राहिलेले आता देशभरात पाच हजारांच्या आत आहेत, आणि त्यांतला मोठा गट ठाण्या-मुंबईत आहे. महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये दहशतवादी शिरले. रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि आणखी चार ज्यू मारले गेले. भारताच्या भूमीवर ज्यूंना ज्यू म्हणून मारण्याची ही पहिलीच वेळ, असे तेव्हा अनेक ठिकाणी छापून आले. जेरोनिमो दिआश आणि काटारिना द ओर्ता ही नावे कुणाला आठवली नाहीत. तेव्हापासून सिनेगॉगांना पोलिस बंदोबस्त आहे. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस ठाण्याचा सिनेगॉग बॉम्बने उडवून देण्याची धमकी देणारा ईमेल आला. पोलिसांनी इमारत रिकामी करून कोपरा न् कोपरा तपासला. काही सापडले नाही.